भुंकत नाही, मग राखण कसली?

वाघ्याला पाहून जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो: ‘एवढं मोठं धूड, पण भुंकत कसं नाही? हा राखण काय करणार?’ परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वाघ्या बुलमास्टिफ आहे. अंगावर पट्टे, म्हणून वाघ्या. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शिकारी रानांच्या राखणदारांनी मास्टिफ आणि बुलडॉग यांच्या संकरातून ही जात तयार केली. रात्री रानात चोरून शिकार करणाऱ्याला चाहूल लागू न देता गाठायचं, खाली पाडायचं आणि राखणदार येईपर्यंत दाबून ठेवायचं, पण फाडायचं नाही, हे या कुत्र्यांचं काम. अंधारात दिसू नये म्हणून तेव्हा गडद पट्टेरी कुत्र्यांना पसंती असे. भुंकणारा तिथे कामाचाच नव्हता.

वाघ्याची राखण मी एकदा अगदी जवळून पाहिली. भरदुपारी एक अनोळखी माणूस फाटक ढकलून थेट आत आला. वाघ्या उठला आणि माझ्यापुढे आडवा उभा राहिला. दात दाखवले नाहीत, गुरगुरला नाही. मी बाजूने पुढे जायला लागले, तर अख्खं अंग माझ्या गुडघ्यांवर रेलून त्याने मलाच मागे सारलं. नजर त्या माणसावरून हलली नाही. बिचारा चुकून आमच्याकडे आला होता. मी ‘बस’ म्हटलं तेव्हा कुठे वाघ्या खाली बसला.

मला धास्ती असते ती त्याच्या वजनाची. पूर्ण वाढलेला नर ५० ते ५९ किलो भरतो. म्हणून पट्टा न ओढता चालणं पिल्लू असतानाच शिकवा; नंतर ओढाओढीत तुम्ही हरणार. ओरडलात तर मख्खपणे बसून राहतो. रोज थोडा वेळ, तोच एक शब्द आणि हातात खाऊ, एवढ्यावर भराभर शिकतो. मुलांवर तर जीव टाकतो. पण आमची धाकटी दीड वर्षाची असताना हा नुसता वळला आणि धक्क्याने ती धपकन पडली. ती रडायच्या आधी हाच कान पाडून तिचे पाय हुंगायला लागला. तेव्हापासून मोठं माणूस जवळ नसताना दोघांना एकत्र ठेवत नाही.

केस आखूड, त्यामुळे विंचरण्याची कटकट नाही. लाळ पुसायला फडकं मात्र सतत हाताशी लागतं. तोंड आखूड असल्याने ऊन सोसत नाही, फिरणं सकाळी लवकर आणि संध्याकाळी. जेवण दोन वेळा विभागून, आणि जेवल्यावर पळापळ नको, कारण मोठ्या कुत्र्यांच्या पोटात हवा भरून जठराला पीळ पडू शकतो. पोट टम्म झालंय, ओकारीचे उमाळे येताहेत पण बाहेर काहीच पडत नाही, एका जागी बसवत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी पशुवैद्याकडे न्या. काही तासांत जीव जातो.

आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही, तरी सांगते. या जातीचं आयुष्य साधारण ७ ते ९ वर्षांचं असतं. वाघ्याला सहावं लागलंय. पिल्लू आणण्याआधी हे घरातल्या मुलांनाही सांगा.