तुम्ही विचारलंत म्हणून : कच्चं खाताना गोडाची तल्लफ कशी आवरता?

बेळगावच्या शहापुरात माझं पिको-फॉलचं छोटं दुकान आहे. साडी काउंटरवर ठेवता ठेवता बायका हमखास विचारतात, "वैनी, तुम्ही सगळं कच्चंच खाताय म्हणे. मग गोड खावंसं वाटत न्हाई? रात्री खा-खा सुटत न्हाई?" कुणी सहज विचारतं, पण हल्ली बऱ्याच जणी स्वतः कच्चं खायला लागून मधेच अडकलेल्या असतात. फॉल लावता लावता एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून आज बसून लिहितेय.

गोड खावंसं वाटतं, आणि पहिल्या वर्षी तर दिवसभर दुसरं काही सुचायचं नाही. बेळगावात राहायचं आणि गोड टाळायचं म्हणजे पावसाळ्यात अंग कोरडं ठेवण्यासारखं आहे. पाहुणा आला की कुंदा, पाहुणा निघाला की त्याच्या पिशवीत कुंदा. लग्नात मांडे. गोकाकहून कुणी आलं की करदंट. शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या, फार प्रेमळ. वाटी पुढे करून म्हणतात, "स्वल्प तगोरी", म्हणजे थोडं घ्या की. त्यांना नाही म्हणताना माझाच जीव कासावीस व्हायचा.

चार वर्षांपूर्वी, एकेचाळिसाव्या वर्षी मी शिजवलेलं सोडलं. दूध, चहा, भाकरी सगळं बंद. सकाळी पपई, दुपारी काकडी-गाजर-कोबीची परातभर कोशिंबीर, त्यावर चमचाभर मोड आलेली मटकी आणि ओलं खोबरं, संध्याकाळी एक सफरचंद. ताट इतकं मोठं दिसायचं की आपण उपाशी आहोत हे मनातही यायचं नाही. चारच्या सुमारास गल्लीत गिरमिट आणि मिरची भजीचा वास सुटायचा, तोही मी निग्रहाने सोसायचे.

आणि रात्री साडेनऊला मी खजुराच्या डब्यासमोर असायचे.

एका रात्रीचं नेमकं सांगते. भांडी घासून झाली होती, दिवा मालवायला म्हणून ओट्यापाशी गेले आणि डबा उघडला. अंगठ्याने खजूर फोडायचा, बी ओट्यावर टाकायची, खजूर तोंडात. उभ्या उभ्या. किती खाल्ले ते सकाळी कळलं, कारण बिया तशाच ओट्याला चिकटून राहिल्या होत्या. मी मोजल्या. बावीस. मग तेवढेच खजूर बिया काढून वाण्याच्या काट्यावर ठेवून बघितले, पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरले. खजुराच्या वजनातला साधारण दोन तृतीयांश भाग साखरच असतो. म्हणजे पाच मिनिटांत शंभर ग्रॅमहून जास्त साखर पोटात गेली होती, आणि दिवसभर मी कुंद्याला हात लावला नाही म्हणून समाधानात होते.

त्या बियांकडे बघून मला रडू आलं. मला वाटलं, मीच कमकुवत मनाची आहे. हे मनाचं काम नव्हतं हे कळायला अजून दोन महिने गेले. तोवर माझं वजन अठ्ठावन्नवरून सत्तेचाळीसवर आलं होतं आणि पाळी थांबली होती. मी म्हटलं वय झालं. डॉक्टरबाईंनी मात्र दिवसभराचं खाणं कागदावर लिहून घेतलं, बेरीज केली आणि कागद माझ्याकडे फिरवला. हजार कॅलरीही होत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तल्लफ कसली, भूक आहे ही."

सगळ्यांना मला सांगायचंय ते हेच. शंभर ग्रॅम काकडीत पंधरा कॅलरी असतात. दीड किलो काकडी खाल्ली तरी सव्वादोनशेच होतात, आणि दीड किलो काकडी चावता चावता जबडा दुखून येतो. पोट पाण्याने आणि चोथ्याने फुगतं, दुपारी गच्च वाटतं, पण अंगाला हवं ते मिळालेलं नसतं. रात्र झाली की अंग आपली वसुली करतं, आणि अशा वेळी सगळ्यात लवकर कामी येणारी गोष्ट म्हणजे साखर, म्हणून जीव गोडाकडेच धावतो. जर्मनीत १९९९ साली अशा फक्त कच्चं खाणाऱ्या लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या पंचेचाळीस वर्षांखालच्या बायकांपैकी जवळजवळ ३० टक्के जणींची पाळी अनियमित किंवा पूर्ण बंद झालेली होती. मला हे आधी माहीत असतं तर सात महिने मी स्वतःला दोष देत बसले नसते.

मग मी काय बदललं? दुपार भरली. आता दुपारी बाराच्या ताटात मूठभर, म्हणजे भिजवण्याआधी चाळीसेक ग्रॅम, शेंगदाणे असतात. रात्रभर भिजवलेले, वरचं लालसर साल बोटात धरून चोळलं की निसटतं आणि आत ओल्या नारळासारखा कुरकुरीत दाणा. वाटीभर मोड आलेले मूग नाहीतर मटकी, नारळाच्या वाटीतला पाव भाग, लिंबू, आणि जेवणातच दोन केळी. फळ संध्याकाळसाठी राखून ठेवायचं सोडलं. सकाळीही पपईबरोबर केळी नाहीतर चिकू असतात. हे सुरू केल्यावर साधारण तिसऱ्या आठवड्यात एका रात्री लक्षात आलं की दहा वाजलेत आणि मला डब्याची आठवणही झालेली नाही.

पण याचं दुसरं टोकही मी पाहिलंय. शेंगदाणे चांगले म्हणून समोर वाडगा ठेवून शिलाई मारत बसले तर शंभर ग्रॅम कधी संपतात कळत नाही, आणि त्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी. खजूर-खोबऱ्याचे न शिजवलेले लाडू केले तेव्हाही तसंच झालं. काकडी आणि खजूर दोन्ही कच्चेच, पण एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं लागतं. म्हणून आता माझ्याकडे खजुराचा डबा नाही. पावशेर आणते. जेवणानंतर चार खजूर, बिया आधीच काढून ताटलीत, आणि बसून. उभ्याने काहीही खायचं नाही हा एवढा एक नियम मी कडक पाळते, बाकीचे नियम गळून गेले. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात, उभ्याने खाताना तेवढा वेळच आपण देत नाही.

ऊस हा आमच्याकडचा वेगळाच विषय. जिल्हाभर ऊस, दिवाळीपासून कारखान्यांचे गाळप हंगाम, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या. रसाच्या गाड्यावर मला हाक मारून सांगतात, "घ्या की वैनी, हे तर कच्चंच हाय." खरं आहे, शिजवलेला नाही. पण पेलाभर रसात तीसेक ग्रॅम साखर असते आणि तो दोन मिनिटांत संपतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची जी मर्यादा सांगितली, म्हणजे दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांखाली, जमल्यास पाच टक्क्यांखाली, त्यात रस आणि मधही मोजलाय. अख्खं फळ मोजलेलं नाही. मला रस प्यावासा वाटला की मी कांडं मागून घेते. ते सोलून, चावून, चोथा टाकत खायला अर्धा तास जातो, आणि एका कांड्यात मन भरतं.

रताळ्याचंही विचारतात. नवरात्राच्या सुमारास उचगाव, बेळगुंदीकडची ताजी रताळी बाजारात येतात, अजून माती ओली असते. कच्चं रताळं किसून लिंबू घालून थोडंसं खाल्लं तर ठीक, पण भाजलेल्या रताळ्याचा गोडवा त्यात येणार नाही. हळूहळू तापताना आतल्या स्टार्चची साखर होते, तो गोडवा विस्तवाचाच असतो. मी नवरात्रात भाजलेलं रताळं खाते, मनापासून खाते. आता रात्रीही वाटीभर शिजवलेलं वरण घेते. त्यामुळे कुणी मला "तुम्ही पूर्ण कच्च्यावर नाही मग" असं म्हटलं तर मी "नाही" म्हणून सांगते.

काही गोष्टी घाईने पण नक्की सांगायच्या आहेत. राजमा मोड आणूनही कच्चा खाऊ नका, त्यातला विषारी घटक नीट उकळल्याशिवाय जात नाही. मोड आलेलं धान्य आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत पटकन बुळबुळीत होतं, वास आला की टाकून द्या, जीव अडकवू नका. वनस्पतींतून बी-१२ भरवशाचं मिळत नाही, त्याची गोळी मी घेते. आणि साखरेच्या आजाराची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते.

कुंद्याचं राहिलं. अक्कांची वाटी आता मी घेते. त्यांच्यासमोर नाही खात, दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या ताटात एक चमचा वाढून घेते, केळ्याच्या बाजूला. दूध आटून आटून तपकिरी झालेलं, दाणेदार, जिभेवर जरा करपल्याची चव. भरल्या पोटी एक चमचा पुरतो. उपाशी पोटी मी अर्धा किलोही संपवला असता, हे मला माहीत आहे.

परवा वडगावची एक मुलगी साडी घेऊन आली, पुढच्या महिन्यात तिचं लग्न. तिनेही तेच विचारलं, रात्री फ्रीजसमोर उभी राहून मध चाटते म्हणाली, आणि सांगताना तिचे डोळे भरले. मी विचारलं, "आज दुपारी काय खाल्लीस गं?"

"दोन काकड्या, काकू. आणि अर्धं सफरचंद."

साडेतीन वाजले होते. माझा डबा अजून अर्धा शिल्लक होता. तिला स्टुलावर बसवलं, मटकी-शेंगदाण्याचा डबा तिच्या हातात दिला, केळं सोलून झाकणावर ठेवलं आणि मशीनवर बसले. साडीचा फॉल निम्मा लागेपर्यंत ती काही बोलली नाही, नुसती खात होती.