आपलेच गाणे परक्या कानांनी

घरच्या घरी गाणी तयार करणाऱ्यांपाशी आज जवळजवळ सगळी साधने असतात. नसतो तो फक्त दुसऱ्या माणसाचा कान. भावगीतांच्या आणि चित्रपटगीतांच्या जुन्या ध्वनिमुद्रणात चाल संगीतकाराची असे, वाद्यमेळाची बांधणी अनिल मोहिले यांच्यासारखे संगीत संयोजक करीत, गायक येऊन गाऊन जाई आणि काचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रक त्या गाण्याचा आवाज बहुधा त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकत असे. कामाच्या प्रत्येक टप्प्यावर एक कोरा कान आपोआप मिळत होता. आता एकाच खोलीत एकच माणूस चाल लावतो, डेमो करतो, स्वतःच गातो आणि मग मिक्सिंगलाही, म्हणजे गळा आणि वाद्ये यांचे आवाज एकमेकांशी जुळवायलाही, स्वतःच बसतो. तोवर ते गाणे त्याच्या इतके अंगवळणी पडलेले असते की ते समोर वाजत असूनही त्याला ऐकू येत नाही.

कान थकतो हे शरीराच्या दृष्टीने अगदी खरे आहे. मोठ्या आवाजात बराच वेळ काम केले, की ऐकण्याची क्षमता तात्पुरती खाली येते आणि तिचा परिणाम साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास अधिक जाणवतो. त्यामुळे रात्री उशिरा आवाज बोथट वाटू लागतो, आपण त्यात थोडी चमक वाढवतो, मग आणखी थोडी, आणि सकाळी तेच मिक्स लावल्यावर झांजा आणि ‘स’, ‘श’ हे उच्चार कानाला टोचतात. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतील नायॉश या संस्थेने सुचवलेली मर्यादा 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास अशी आहे, आणि पुढे दर 3 डेसिबलमागे ती वेळ निम्मी होते. पण ही मर्यादा श्रवणशक्ती कायमची बिघडू नये म्हणून आहे. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, किती हवा याचा निवाडा करण्याची ताकद त्याच्या पुष्कळ आधी संपते.

बेल लॅबमधील फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली मांडलेले निष्कर्षही इथे विसरून चालत नाहीत. आवाज लहान असेल तर आपल्या कानाला खालचे सूर प्रमाणापेक्षा खूपच कमी ऐकू येतात; आवाज वाढवला की खर्ज भरू लागतो. म्हणून मोठ्या आवाजात केलेले मिक्स भरदार भासते आणि शेजारच्या घरात हळू लावल्यावर पोकळ वाटते. मी स्पीकरच्या बटणावर एक खूण करून ठेवली आहे. खोलीत 75 डेसिबलच्या आसपास आवाज यावा अशी ती जागा आहे, आणि बहुतेक निर्णय तिथेच घेतो. मध्येच अगदी हळू, शेजारी कुणी बोलले तर गाणे बुडून जाईल इतक्या आवाजात ऐकतो. तेवढ्यातही गायकाचे शब्द आणि ठेका तग धरत असतील तर मांडणी बरी आहे असे मानायला हरकत नाही.

परंतु कानाचा थकवा झोपेने जातो. मनाची सवय झोपेने जात नाही, आणि माझ्या मते घरी काम करणाऱ्यांचे खरे नुकसान तिथे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील डायना डॉइच यांना 1995 मध्ये असे आढळले, की साध्या बोलण्यातला एखादा तुकडा नुसता पुन्हा पुन्हा वाजवला की तो गायल्यासारखा ऐकू येऊ लागतो. ध्वनीत काहीही बदल केलेला नसतो; बदलते ते ऐकणाऱ्याचे मन. मग अंतऱ्याच्या चार ओळी लूपवर टाकून तासभर ईक्यू, म्हणजे खालच्या-वरच्या सुरांचे प्रमाण कमीजास्त, करत बसणाऱ्याचे काय होत असेल याचा अंदाज येतो. किंचित उतरलेला पंचम तासाभराने चालीचाच भाग वाटू लागतो. रफ टेकमधली एखादी अडखळ इतकी प्रिय होते, की नंतर नीट गायलेला टेकच चुकीचा भासतो. सुराच्या बाबतीत यावर एक सोपा उपाय आपल्याकडे पूर्वीपासून आहे: सगळी वाद्ये बंद करून फक्त गळा आणि त्याच्यासोबत तानपुरा लावायचा. गिटार आणि कीबोर्डच्या गर्दीत लपलेला सूर तानपुऱ्यापुढे लपत नाही. मात्र त्याआधी दुसऱ्या पट्टीतले काहीतरी ऐकून घ्यावे; गाणे काळी दोनचे असेल तर मी मुद्दाम पांढरी पाचमधले काही लावतो, म्हणजे कानात मुरलेला षड्ज सुटतो.

शब्दांचे प्रकरण याहून कठीण आहे, कारण गीत स्वतः लिहिलेले असेल तर ते ऐकू न येणे जवळजवळ अशक्य असते. सिंथच्या थरात अर्धा बुडालेला शब्द आपल्याला स्पष्ट वाटतो, कारण गाळलेली अक्षरे आपले मन भरून काढते. ‘धुके’ आणि ‘दुःखे’ यांत श्रोत्याचा घोटाळा होऊ शकतो, हे गीतकाराच्या लक्षात येणारच नाही. यासाठी माझी मावसबहीण मला फार उपयोगी पडते. तिला गीताचा कागद न दाखवता गाणे एकदाच ऐकवतो आणि ऐकू आले ते लिहायला सांगतो. ती जिथे जागा रिकामी सोडते तिथे बहुधा महाप्राण अक्षर असते किंवा ओळीचा शेवट असतो, जिथे श्वास संपत आल्याने आवाज पडलेला असतो. तिथे कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारे साधन) वाढवण्यापेक्षा तेवढ्याच शब्दाचा आवाज हाताने एक-दोन डेसिबल वर नेणे अधिक चांगले.

दुसरे माणूस खोलीत असण्याचा परिणाम त्याच्या मतापेक्षाही मोठा असतो. ते काहीच न बोलता बसले तरी म्युझिक पीस लांबला आहे हे आपल्यालाच एकदम जाणवते. हे का होते ते ठाऊक नसले तरी चालते. फुकट आहे, वापरावे.

उरलेल्या सवयी थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत. प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे सॉफ्टवेअर) लावल्यावर आवाज एका डेसिबलने जरी वाढला तरी मोठा तो चांगला असा कौल मन देते, म्हणून आधीचा आणि नंतरचा आवाज समान करूनच तुलना करावी; बाजारातले तयार गाणे नमुना म्हणून शेजारी ठेवताना तर तेही आपल्या मिक्सच्या पातळीला खाली आणावे. पडद्यावर ट्रॅक सरकताना दिसत असले की पुढे काय येणार हे डोळे आधीच सांगतात. त्यामुळे सगळे ट्रॅक एकत्र करून एकच फाइल काढून (बाउन्स करून), फोनवर घेऊन, भांडी घासताना ऐकलेली बरी. फोनचा छोटा स्पीकर साधारण 200 हर्ट्झच्या खाली फारसे काही देत नाही, आणि डग्ग्याचा मूळ सूर त्याच्या खालीच असतो. तिथे डग्गा नाहीसा झाला तर बेस वाढवून उपयोग नाही. हलके सॅच्युरेशन (आवाजाला किंचित खरखरीतपणा) देऊन मूळ सुरासोबत वाजणारे वरचे स्वरांश पुढे आणले, की न वाजणारा खर्ज मन स्वतःच जुळवून घेते. सवयीचा हा एक तरी गुण आपल्या बाजूचा.

बऱ्याच दिवसांच्या खंडानंतरचे पहिले ऐकणे मात्र मी अतिशय जपून खर्च करतो. त्या वेळी हात माउसवर नसतो, फक्त कागद आणि पेन असते, आणि गाणे मध्ये थांबवत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना सुचलेल्या सूचना वेगळ्या शाईने लिहितो, कारण त्यांची किंमत कमी असते. दोन-तीन गाणी एकाच वेळी हातात ठेवली तर हा खंड आळस न वाटता मिळतो.

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, मी दुसऱ्याकडे देतो. त्याचे पैसे पडतात आणि काम स्वतः करता येण्यासारखेही आहे, पण त्या पैशांत मुख्यतः विकत मिळतो तो त्या माणसाचा अनोळखीपणा. म्हणून फाइल पाठवताना गाण्याबद्दल मी त्याला काहीच लिहीत नाही. टेम्पो, पट्टी आणि कुठल्या तारखेपर्यंत हवे, एवढेच कळवतो.