मु. पो. ब्रुज

बेल्जियममधल्या ब्रुजला जातात सगळे, राहत कोणी नाही. ब्रसेल्सहून आगगाडीनं तासाभरात पोचायचं, घंटाघर बघायचं, होडीतून कालव्यांची फेरी मारायची, हातात वॅफल, पिशवीत चॉकलेटं, आणि अंधार पडायच्या आत परत. आपल्याकडच्या युरोप-सहलींच्या पत्रिकेत ब्रुज असलंच, तर ते दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा चहा यांच्या मधे कुठेतरी बसवलेलं असतं. त्यामुळे आम्ही तिथे मुक्काम करणार म्हटल्यावर शेजारच्या काकांनी सरळ विचारलं, "अहो, पण तिथे रात्री करणार काय?"

काही नाही. रात्री काही करायचं नसतं, हेच तर हवं होतं. ब्रुजचं जुनं गाव म्हणजे चहूबाजूंनी कालव्यानं वेढलेलं, अंड्याच्या आकाराचं 430 हेक्टरांचं क्षेत्र. आत राहणारी माणसं सुमारे 20,000. युनेस्कोनं 2000 साली या सगळ्याला जागतिक वारशाचा शिक्का दिला आणि दिवसा त्यावर जगाची यात्रा लोटते. पण ही यात्रा संध्याकाळी उठते. होड्या सहाच्या सुमाराला बंद होतात, झेंडेवाले गाइड दिसेनासे होतात, आणि जूनमधे तर त्यानंतरही दहा वाजेपर्यंत उजेड असतो. तिकडे फुकट मिळणारी जी एकमेव चांगली गोष्ट, ती या चार तासांत असते. हॉटेलचे पैसे आपण पलंगाचे देतो असं वाटतं. खरं तर ते या चार तासांचे आणि सकाळी लवकरच्या दोन-तीन तासांचे.

हे एकदा मनात पक्कं झालं की हॉटेल शोधायची सगळी रीतच बदलते. बुकिंगच्या वेबसाइटी अंतर मीटरमधे सांगतात: मार्क्ट या मुख्य चौकापासून 250 मीटर, 400 मीटर, 900 मीटर. आणि आपणही दादरला घर शोधत असल्यासारखे त्या आकड्यांवर तुटून पडतो. अख्खं गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या-पाऊण तासात चालून होतं, तिथे 900 मीटरनं काय बिघडणार? उलट, ऐन मार्क्टवर खोली घेतली तर खिडकीतून घंटाघर दिसतं हे खरं, पण त्याच्यात 47 घंटा आहेत आणि त्या दर पाव तासाला आपलं अस्तित्व कळवतात. 83 मीटर उंचीवरून. शिवाय बुधवारी सकाळी त्याच चौकात बाजार भरतो, म्हणजे भाजीवाल्यांच्या गाड्या आपल्या आधी उठलेल्या.

दुसरं टोक म्हणजे स्टेशनजवळची हॉटेलं. जाणती माणसं हीच सुचवतात: लिफ्ट आहे, मोटारीला जागा आहे, भाडं कमी आहे, सामान घेऊन चालावं लागत नाही. सगळं बरोबर. पण स्टेशन वेढ्याच्या बाहेर पडतं, मार्क्टपासून वीसेक मिनिटांच्या चालीवर. रात्री जेवून झाल्यावर ती वीस मिनिटं डोक्यात टिकटिकायला लागतात आणि आपण "चला आता" म्हणून उठतो. मग आपल्यात आणि ब्रसेल्सच्या गाडीनं परत जाणाऱ्यात फरक एवढाच, की आपली गाडी जरा उशिराची.

म्हणजे राहायचं वेढ्याच्या आत, पण चौकापासून लांब. इथपर्यंत माझं आणि बायकोचं एकमत झालं. इथून पुढे मावशीचे गुडघे आले.

मावशी आमच्याबरोबर येणार होती. वय पंचाहत्तरीला टेकलेलं, तब्येत ठणठणीत, फक्त जिने वर्ज्य. "अरे, लिफ्ट आहे का तेवढं बघ रे बाबा, बाकी मला काही नको," एवढीच तिची अट. आणि ब्रुजमधे बाकी सगळं मिळतं, लिफ्ट मिळत नाही.

त्याचं कारण इतिहासात आहे. 1134 साली समुद्राला आलेल्या एका वादळानं किनारा फाडून झ्विन नावाची खाडी तयार केली आणि ब्रुजला समुद्राचं दार उघडलं. 1277 मधे जिनोव्हाची व्यापारी गलबतं आली, मागून व्हेनिसची. इंग्लंडची लोकर, फ्लँडर्सचं कापड, इटलीचे सावकार, सगळ्यांची गाठ इथे पडायची. मग पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तीच खाडी गाळानं भरत गेली आणि व्यापारी पेट्या उचलून अँटवर्पला निघून गेले. ब्रुज गरीब झालं, ते पुढची तीनेकशे वर्षं गरीबच राहिलं. गरिबाला घर पाडून नवं बांधणं परवडत नाही. म्हणून ती पायऱ्या-पायऱ्यांच्या आकाराच्या छपरांची विटांची घरं तशीच उभी राहिली, आणि आज त्यांच्यात हॉटेलं आहेत. कपाटाइतक्या रुंदीचे, गोल फिरत वर जाणारे जिनेही त्याच काळातले. अशा घराच्या भिंतीला हात लावायचा तर परवानग्या लागतात. लिफ्टचं भोक पाडणं दूरच.

हॉटेलांच्या जाहिरातींची एक भाषा असते, ती आम्ही त्या दिवसांत शिकलो. 'वातावरण असलेली खोली' म्हणजे तुळई कपाळाला लागते. 'आटोपशीर' म्हणजे बॅग उघडली की दरवाजा उघडत नाही. 'सतराव्या शतकातली वास्तू' असं लिहून आत चार ओळींनंतर 'खोल्या मागच्या नव्या इमारतीत' असं असतं. बायको म्हणाली हे फसवणं झालं, मावशी म्हणाली नव्या इमारतीत लिफ्ट असेल. आणि 'कालव्याचं दृश्य' म्हणजे जादा पैसे. त्या खिडकीखालून सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक होड्या जातात, प्रत्येकीत माइकवर बोलणारा नावाडी आणि मोबाइल वर धरलेली तीसेक माणसं. दृश्य त्यांना दिसतं. त्या दृश्यात खिडकीशी टॉवेल वाळत घालणारे आपण असतो.

पाहुणा ठेवण्याच्या धंद्यात हे गाव मुरलेलं आहे, हेही याच शोधात कळलं आणि माझं लक्ष हॉटेलांवरून पार उडालं. मध्ययुगात परदेशी व्यापारी ब्रुजला आला की एखाद्या खाणावळवाल्याकडे उतरायचा. तो यजमान नुसता पलंग आणि जेवण देत नसे. तळघरात पाहुण्याचा माल ठेवून घ्यायचा, गिऱ्हाईक गाठून द्यायचा, सौद्यात दलाली करायचा, पाहुण्याचे पैसे सांभाळायचा. पाहुण्यानं देणं बुडवलं तर यजमानाच्या गळ्याशी यायचं, म्हणजे उतरून घेण्याआधी माणूस पारखून घेणं आलंच. आज आपण हॉटेलाला तारे देतो. तेव्हा तारे द्यायचं काम यजमानाकडे होतं. अशाच एका घराण्याचं नाव व्हान डेर बुर्झे. त्यांच्या खाणावळीपुढच्या चौकात जिनोव्हा, फ्लॉरेन्स, व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची घरं होती, तिथेच हुंड्यांचे आणि मालाचे व्यवहार ठरायचे. आणि युरोपभर शेअर बाजाराला जे 'बोर्स' म्हणतात ते या कुटुंबाच्या नावावरून, असं मानलं जातं. 1453 सालचं त्यांचं घर फ्लामिंगस्ट्राटवर अजून उभं आहे. मुंबईत दलाल स्ट्रीटवर ज्यांचा ऊठसूट रक्तदाब वाढतो, त्यांनी एकदा इथे येऊन घरमालकाला नमस्कार करून जावं.

असो. लिफ्ट.

तोडगा बायकोनं काढला: लिफ्ट नको, तळमजला बघू. तसं विचारायला सुरुवात केल्यावर कोडं सुटलं. छोट्या हॉटेलांत तळमजल्याला, अंगणाच्या बाजूला, एखादी खोली असते. तिला कालवा नाही, घंटाघर नाही, तुळई नाही, म्हणून ती जाहिरातीत शेवटी असते आणि स्वस्तही असते. तिच्या खिडकीत अंगणातलं एखादं झाड आणि मालकाची सायकल. पण वेबसाइटवर ती नेमकी मागता येत नाही. हॉटेलला पत्र लिहावं लागतं: आमच्याबरोबर वयस्कर बाई आहेत, पायऱ्या एकूण किती, दरवाजापाशी उंबरा आहे का, न्हाणीघरात टब आहे की नुसता शॉवर. टबाची कड ओलांडणं हा जिन्याइतकाच अवघड प्रकार, तो आधी कोणाच्याच लक्षात येत नाही. आणि मोठ्या हॉटेलातून गोड छापील उत्तर येतं, छोट्यातून खरं येतं. एका ठिकाणाहून आलं, "पायऱ्या तीन आहेत, दुसरी जरा उंच आहे." मी तिथेच ठरवून टाकलं. दुसरी पायरी उंच आहे हे ज्याला माहीत आहे, तो माणूस आपल्याच जातीचा. (पंचपात्री आणि तांब्याचा प्रश्न मात्र पत्रात विचारायला बायकोनं बंदी केली. प्लास्टिकचा मग आम्ही सामानातून नेला, आणि ज्यांनी तसा नेला नाही त्यांनी आम्हाला हसू नये.)

हॉटेल सेंट अॅना भागात होतं, गावाच्या पूर्वेला. इथे लेस विणणाऱ्या बायकांची जुनी वस्ती होती. घरं बुटकी, दुकानं कमी, पर्यटकांचे लोंढे अलीकडच्या पुलापाशीच परत फिरतात. स्टेशनवरून टॅक्सी केली, कारण ब्रुजचे रस्ते दगडांनी फरसबंद आहेत आणि चाकांच्या बॅगेला तिथे चाक असून नसल्यासारखं. त्या दगडी गल्ल्यांतून टँकरची ये-जा नको म्हणून गावातल्या एका दारूभट्टीनं 2016 साली जमिनीखालून तीन किलोमीटरहून लांब नळ टाकून बिअर थेट बाहेरच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात नेली. बॅगांसाठी असा नळ अजून कोणी टाकलेला नाही. पहाटेच्या गाडीला निघालेल्या एकट्या पाहुण्याची बॅग तीन गल्ल्यांना जागं करते.

आणि मिळाले का ते तास? मिळाले. रात्री साडेनऊला बुर्ग चौकात आम्ही आणि सायकलवरून घरी जाणारी दोन-चार माणसं. सकाळी बेगिनाझच्या अंगणात, जिथे तेराव्या शतकापासून लग्न न करता, पण नन न होताही एकत्र राहणाऱ्या बायकांची वस्ती होती, त्या पांढऱ्या घरांपुढे कोणीच नाही. मावशीला ती वस्ती फार पटली. "हे आपल्याकडे का नाही रे?" असं तिनं दोनदा विचारलं आणि मावसोबांच्या आठवणीनं की काय, तिसऱ्यांदा विचारलं नाही. दहा वाजता गर्दी आली की आम्ही हॉटेलवर परत. दुपारी झोप. युरोपात जाऊन दुपारी झोपणाऱ्याला लोक वेडा म्हणतील, पण ब्रुजची दुपार दुसऱ्यांची असते, ती त्यांना देऊन टाकलेली बरी.

सेंट अॅनाच्या कडेला जुन्या तटबंदीच्या टेकाडावर पवनचक्क्या आहेत. त्यांतली सिंट-यान्सहाउस नावाची 1770 सालापासून तिथेच उभी आहे, तिच्यात अजूनही धान्य दळतात, आणि उन्हाळ्यात आत जाऊन बघता येतं. आत जायचं म्हणजे बाहेरच्या लाकडी जिन्यानं. जिना कसला, शिडीच ती. एका बाजूला कठडा आणि वर वारा. आम्ही खाली उभं राहून तिकिटाचे पैसे मोजत होतो, तेवढ्यात मावशी पदर खोचून अर्ध्यावर गेलेली. वर पोचून तिनं जातं बघितलं, पीठ चिमटीत घेऊन बघितलं, जरा जाडसर आहे असा अभिप्राय मराठीत त्या चक्कीवाल्याला दिला, आणि तशीच, तोंड शिडीकडे करून, उतरली.

"मावशी," मी म्हणालो, "तुझ्या गुडघ्यांपायी मी अख्ख्या गावाला पत्रं लिहिली."

"वर बघायला काहीतरी होतं ना," ती हात झटकत म्हणाली. "हॉटेलात वर काय होतं? पलंग."