वॉर्म देऊ का व्हाइट?

मे महिन्यात भुसावळला गेले होते, आणि हॉलमधला बल्ब गेला म्हणून संध्याकाळी जरा ऊन उतरल्यावर बाबांना घेऊन इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या पोराने न बघताच विचारलं, "वॉर्म देऊ का व्हाइट?" बाबा म्हणाले, "गरम होणारा नको रे बाबा, आधीच घराची भट्टी झालीय." पोरगा हसला, म्हणाला काका एलईडी आहे, हात लावून बघा, दोन्ही सारखेच. पण बाबांचं समाधान होईना. मग त्याला वॉर्म का म्हणतात?

खोक्यांवर आकडे होते. वॉर्मवर 2700 के, आणि पांढऱ्याशुभ्रवर, ज्याला ते लोक कूल डेलाइट म्हणतात, 6500 के. मी आपली शहाणपणा करत सांगायला गेले की के म्हणजे केल्विन, एखादी वस्तू तापवत नेली की आधी लाल होते मग पिवळी मग पांढरी मग निळसर, त्यावरून हा आकडा. बाबांनी मधेच थांबवलं. त्यांची उभी नोकरी रेल्वेत, लोको शेडला गेलेली, तापलेलं लोखंड त्यांना मी काय सांगणार. "म्हणजे जो कमी तापलेला तो वॉर्म, आणि जो जास्त तापलेला तो कूल? कोणी ठरवलं हे?" खरंच की! आकाशातही तेच आहे, मृग नक्षत्रातला लालसर तारा काक्षी साधारण 3500 केल्विनचा आणि निळसर तारा राजन्य 12000 च्या आसपास, तरी निळ्याला थंड रंग म्हणायचं. मी गप्प बसले आणि वॉर्म घेतला, कारण इंस्टाग्रामवर सगळ्यांच्या घरात तोच असतो.

तेव्हापासून हा वॉर्म डोक्यात अडकलाय. ऑफिसात दिवसातून दहा मेलच्या खाली वॉर्म रिगार्ड्स असतं, बाहेर पारा 44 वर आणि कुलर नुसती गरम हवा फेकतोय अशात कोणी वॉर्म विशेस पाठवल्या की वाटतं राहू दे, तुझ्याकडेच ठेव. माझी बहीण शिक्षिका आहे, तिच्या शाळेत एकदा पाहुण्यांसाठी फलक लावला होता त्यात डब्ल्यूनंतर ए ऐवजी ओ पडला, म्हणजे पाहुण्यांचं स्वागत थेट किड्याने. पोरांना जंताच्या गोळ्या देतात ना, त्यातला वर्म तो हाच. इंग्रजीचा घोळ असा की ए असला की वॉर्म आणि ओ असला की वर्म, आणि मराठीत वर्म म्हणजे तिसरंच, ज्यावर बोट ठेवलं की माणूस खवळतो. पाहुण्यांनी फलकाबरोबर फोटो काढून घेतला, त्यांनाही कळलं नसावं.

आता याला मराठीत काय म्हणणार? एक शब्द नाहीच. डॉक्टर वॉर्म वॉटर म्हणतात ते कोमट. ताटातला भात असेल तर ऊन ऊन. गोधडी ऊबदार. कोंबडी एकवीस दिवस बसते ते उबवणं, आणि काही काम न करता साहेब बसतो तेही खुर्ची उबवणंच, हे मात्र इंग्रजीतल्या चेअर वॉर्मरशी तंतोतंत जुळतं, आळशी माणसं सगळीकडे सारखीच.

पण खरी गंमत आंघोळीच्या पाण्यात आहे. माझ्या आजीकडे तांब्याचा बंब होता. सकाळी त्यात लाकडाच्या ढलप्या टाकायच्या, धुराने डोळे चुरचुरायचे, पाणी कढत झालं की तोटी सोडून घंगाळात काढायचं आणि मग आजी ओरडायची "विसण घे गं!" विसण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. एक तांब्या घालायचा, हात बुडवायचा, अजून अर्धा घालायचा, परत हात. जास्त झालं की परत बंबाकडे. त्या गार पाण्याला, फक्त कढत पाण्यात मिसळण्यापुरतंच ज्याचं काम आहे, त्याला आपल्याकडे स्वतंत्र नाव आहे! गिझर आला आणि नळ डावीउजवीकडे फिरवायला लागलो तेव्हा तो शब्द गेला, माझ्या मुलीला सांगितलं तर तिला वाटलं बेसन.

म्हणजे बघा, आपलं वॉर्म हे गार करत करत मिळवायचं. मग हळूहळू लक्षात आलं की आपल्या भाषेत जे जे चांगलं ते बहुतेक गारच आहे. तहान भागली की जीव गार होतो. नातवंडं बघितली की डोळे निवतात. इंग्रजीत नव्या घरात गेलं की हाउसवॉर्मिंग, आपण करतो वास्तुशांत. मोठ्या माणसाची आपल्यावर सावली असते. इंग्रजीत पैसेवाल्यालाही पूर्वी वॉर्म म्हणायचे, आपला खिसा गरम असतो तसंच, पण लाच द्यायची तर आपण हात ओले करतो. तिकडे बर्फ, शेकोटी नसेल तर माणूस मरेल, त्यांना ऊब म्हणजेच माया वाटणार. इकडे नेवाशात बसून 1290 च्या सुमाराला ज्ञानेश्वरांनी पसायदानात मागितलं काय, तर मार्तंड जे तापहीन. सूर्य हवा, पण ताप नको. शाळेत रोज म्हणायचो, अर्थ मे महिन्यात कळला.

अगदीच सगळं गार चांगलं असंही नाही म्हणा, थंड प्रतिसाद कोणालाच नको असतो आणि थंड जावई तर नकोच नको. आणि आईच्या कुशीला ऊबच असते, तिथे गारवा म्हणून चालणार नाही.

अजून एक वाचलं होतं ते सांगते. संस्कृतातला घर्म, फारसीतून आलेलं गरम, ग्रीकमधला थर्म म्हणजे थर्मासातला, ही सगळी एकाच मुळातली भावंडं, आणि बरेच भाषातज्ज्ञ वॉर्मलाही त्यांच्यातच बसवतात. आता घर्मचं मराठीत काय झालं? घाम. एकाच खानदानातला एक शब्द तिकडे जाऊन मायाळू झाला आणि आपल्या वाट्याला आला तो पाठीवरून ओघळणारा. भुसावळच्या मानाने अगदी योग्य वाटणी झाली.

तर तो बल्ब. रात्री हॉलमध्ये लावला, मस्त पिवळसर उजेड पडला, मी सोफ्यावर बसून फोटो काढतेय तोवर आई स्वयंपाकघरातून पोळीचं पीठ लागलेल्या हातानेच बाहेर आली, वर बघितलं आणि म्हणाली, "व्होल्टेज डाऊन झालं का गं? मिक्सर लावू का नको?" बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हॉलमध्ये पांढरा बल्ब आणि आपला वॉर्म बाथरूममध्ये.

"असू दे तिथे," म्हणाले, "गिझर नीट चालत नाहीये."