केसपेपर कुणाचा, बाळाचा की आईचा? (माझा अनुभव)

लेक अपुऱ्या दिवसांची. एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), कांगारू केअर (बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं), डिस्चार्ज हे सगळं पार पडलं. पण घरी आल्यावर छातीशी घेतलं की ती पाठ ताठ करून मागे कमान करायची आणि तोंड फिरवायची. आधी रिफ्लक्स (दूध पोटातून वर येणं), टोन (स्नायूंचा ताठपणा), डोळे, कान तपासून घ्या, आमचं सगळं नॉर्मल निघालं. मग बालरोगतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, दोघींनी मिळून मूव्हमेंट थेरपी घ्या, म्हणजे हालचालींमधून एकमेकींशी जुळवून घ्यायचे उपचार.

आणि इथे आम्ही अडकलो. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. काउंटरवर पहिला प्रश्न, "पेशंट कोण?" म्हटलं दोघी. "एका केसपेपरवर एकच नाव येतं मॅडम." बाळाच्या नावाने काढला तर फिजिओथेरपीला पाठवलं, ते म्हणाले बाळाला काही झालेलं नाही. माझ्या नावाने काढला तर मानसोपचार ओपीडी, आणि तिथे सांगितलं बाळाला बाहेर आजीकडे ठेवा! अहो, जे काही बिनसलंय ते आमच्या दोघींच्या मधे आहे, एकीला बाहेर बसवून कळणार काय? १९७५ मध्ये एड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं होतं, आईने दोन-तीनच मिनिटं चेहरा निर्विकार ठेवला तरी बाळ आधी हसून, हात पुढे करून तिला बोलवतं आणि मग हिरमुसून मान वळवतं. इतक्या वर्षांनंतरही फॉर्मवर 'आई व बाळ' असा रकाना नाही याचा मला अजून राग येतो.

शेवटी मॅडमनी चिठ्ठीवर दोघींची नावं लिहून खाली 'एकत्र तपासणे' असं लिहिलं, तेव्हा काम झालं. तुम्ही ही चिठ्ठी आधीच मागून घ्या.

थेरपी म्हणजे गादीवर बसायचं, बाळ समोर. थेरपिस्टने व्हिडिओ काढून हळू करून दाखवला. लेक मान वळवते, मूठ तोंडाशी नेते, एक श्वास घेते आणि स्वतःहून परत माझ्याकडे बघते! म्हणजे ती मला नाकारत नव्हतीच, दम खात होती. त्या वेळी खुळखुळा वाजवायचा नाही, खांदे सैल सोडून थांबायचं, ती वळली की तिच्याच लयीत हूं हूं करायचं. हे कळल्यावर मी तिथेच रडले. आता ती खांद्यावर मान टाकते.

हो, बाळाची झोप झालेली असेल अशीच वेळ घ्या, आणि सैल कपडे घाला, जमिनीवर बसायचं असतं. पुढच्या वेळी नवऱ्याला नेणार आहे, त्याच्याकडे ती अजून कमान करते.