तुम्ही विचारलंत म्हणून: मिलानचे पुरुष

‘तिकडचे पुरुष खरंच एवढे देखणे असतात का गं?’ मी इटलीत, मिलानला राहते, म्हणून पुण्यातल्या मैत्रिणी हे मला हसत विचारतात, त्यांचे नवरे जरा कुरकुरत. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मिलानमध्ये टक्कल आहे, सुटलेलं पोट आहे, बुटकी माणसंही पुष्कळ आहेत. देखणे म्हणाल तर आपल्याकडे असतात तेवढेच. पण कपडे मापाचे असतात.

फॅशन वीकचे फोटो आधी बाजूला ठेवा. जानेवारीत आणि जूनमध्ये पुरुषांचे शो असतात, तेव्हा रंगीबेरंगी सूट घालून रस्त्यावर रेंगाळणारी मंडळी फोटो काढून घ्यायलाच आलेली असतात. इथला खरा पुरुष बघायचा तर एक नंबरच्या ट्रॅममध्ये बसावं. या मार्गावर १९२८ च्या बनावटीचे जुने डबे अजून धावतात. त्यातली लाकडी बाकं खिडक्यांना पाठ लावून समोरासमोर मांडलेली, त्यामुळे नजर आपोआप समोरच्याच्या पायांकडे जाते. स्काला, कोर्दुझिओ या भागात ऑफिसची मंडळी चढतात. सूट गडद निळा नाहीतर करडा, बूट बहुतेकदा तपकिरी. पँट बुटाला जेमतेम टेकते, घोट्यापाशी चुण्यांचा ढीग नाही. आणि माणूस बसला, पँट वर सरकली, तरी पोटरी दिसत नाही, कारण मोजे थेट गुडघ्यापर्यंत! उन्हाळ्यात मात्र हेच लोक मोजे आहेत की नाहीत याचाही पत्ता लागू देत नाहीत.

‘पैसा असेल हो त्यांच्याकडे,’ हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. काहींकडे आहेच. ‘मोंतेनापोलेओने’ या महागड्या दुकानांच्या रस्त्यावर काचांमागच्या किमती वाचून मीसुद्धा मुकाट पुढे चालू लागते. पण बाकीचे सेलची वाट बघतात. इथे हंगाम संपतानाच्या सेलच्या तारखा प्रादेशिक सरकार ठरवतं, साधारण जानेवारी आणि जुलैच्या सुरुवातीला. आणलेला कपडा मात्र तसाच अंगावर चढत नाही, आधी अल्टरला जातो. अशी छोटी दुकानं जागोजागी आहेत, बरीचशी चिनी कुटुंबं चालवतात. बाही बोटभर आखूड, कंबर जरा आत. आपल्याकडेही टेलर आहेतच की! पण आपले पुरुष शाळेत ‘वाढत्या अंगाचे’ कपडे घालतात ते पन्नाशीपर्यंत.

म्हातारे हिवाळ्यात लोडेन घालतात, म्हणजे जाड लोकरीचा गडद हिरवा लांब कोट, पाठीवर खोल चुणी असलेला. मिलानचेच प्राध्यापक मारिओ मोन्ती २०११ मध्ये इटलीचे पंतप्रधान झाले, तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांच्या लोडेनचीही चर्चा झाली होती. असा कोट वर्षानुवर्षं चालतो. ब्रश मारायचा, अस्तर बदलायचं, पुन्हा घालायचा.

न्हाव्याची दुकानं सोमवारी बंद, अगदी आपल्यासारखीच. पण आपण केस वाढले म्हणून जातो, हे वाढलेले दिसू नयेत म्हणून जातात. दाढी ठेवली तरी गळ्यावरची रेघ स्वच्छ. त्यासाठी महागडं काही लागत नाही. निलगिरी आणि मेंथॉलच्या वासाचं ‘प्रोरासो’ या ब्रँडचं हिरवं दाढीचं क्रीम साध्या सुपरमार्केटात मिळतं. ते बनवणारी फ्लोरेन्सची कंपनी १९०८ पासूनची. तरुण पोरं भुवया कोरून घेतात, ते काही मला आवडत नाही.

पण कपडे आणि न्हावी यांपलीकडचं मला एक जास्त महत्त्वाचं वाटतं. इथे पुरुष पुरुषांकडे बघतात आणि बोलतात. कॉफीच्या काउंटरवर एकजण दुसऱ्याला सहज म्हणतो, ‘जॅकेट छान आहे, कुठे शिवलंस?’ दुसरा न लाजता कापडाचं नाव सांगतो, बाहीचं अस्तर उलटून दाखवतो. आपल्याकडे चांगला इस्त्रीचा शर्ट घालून गेलं की मित्रांचा पहिला प्रश्न असतो, ‘काय रे, मुलगी बघायला चाललास काय?’ मग तो बिचारा पुढच्या वेळी टी-शर्टच घालतो.

माझ्या नवऱ्याने इथे आल्यावर पँटी कापून मापाच्या करून घेतल्या, लांब मोजेही घेतले. सुट्टीत घरी गेलो तेव्हा सासरे त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाले, ‘नोकरी बदलतोयस का?’