३८७ची जोडी: वरच्या कडेने निकाल दिला

मंडळी, मागे फोटो टाकलेली अमेरिकेच्या हिरव्या १ सेंट फ्रँकलिन तिकिटांची जोडी स्कॉट कॅटलॉगमधली ३८७ क्रमांकाची कॉइल (गुंडाळीतली, वर-खाली सरळ कडेची तिकिटं) नाही. फार वाईट वाटलं. उभं १२चं छिद्रण (दोन सेंटीमीटरमध्ये १२ छिद्रं) चोख आहे. कागदातला वॉटरमार्क (जलचिन्ह) दाखवणाऱ्या द्रावात एकेरी रेषेचं अर्धं अक्षरही उमटलं. (नांदेडच्या उन्हाळ्यात हा द्राव बघता बघता उडतो, पंखा बंदच ठेवा.)

खरी गोम कडांमध्ये आहे. १२ छिद्रणाची साधी पत्रकंही त्याच काळात निघाली. साध्या जोडीचे वरचे-खालचे दात कापले की झाली कॉइल! त्यात ४०० तिकिटांचं पत्रक कापून शंभर-शंभरचे भाग करत, म्हणून काही तिकिटांची एक कड मुळातच सरळ असते. लबाडाला एकच बाजू कापावी लागते. माझ्या जोडीची खालची कड सरळ आहे, काठाला मार्गरेषेचा (पत्रक जिथे कापत त्या छापील रेषेचा) केसाएवढा हिरवा अंश आहे. एवढ्यावर काही ठरत नाही, कारण सुरुवातीच्या कॉइलच्या पट्ट्याही अशाच पत्रकांच्या, टोकाला टोक डकवलेल्या.

मग वरची कड १० पट भिंगाखाली धरली. डावीकडून उजवीकडे ती निमुळती होत गेली आहे, आणि उजव्या टोकाला सारख्या अंतरावर तीन उथळ खाचा. मूळ छिद्रांचे उरलेले तळच ते! विषय संपला. 'अस्सल' लिहून देणारा विक्रेता आता फोन उचलत नाही. यापुढे प्रमाणपत्राशिवाय १२ची कॉइल घ्यायची नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र साधली. पाकिटातलं २ सेंट लाल, उभं १० छिद्रण, एकेरी वॉटरमार्क. चित्राची रुंदी साडेएकोणीस मिलिमीटरच्या वर भरली, म्हणजे रोटरी (वाकवलेल्या प्लेटवर छापलेलं). सपाट प्लेटचं १९च्या आत राहतं. रिबिनीच्या वळणांत छायेच्या दोन-दोन रेषा, म्हणजे टाइप तीन, ४५५. किंमत फार नाही, पण ओळख माझ्या हाताने पटली! मोजायला धातूची पट्टीच घ्या, प्लास्टिकची इथल्या उन्हात वाकते.

पुढे ३८९चा, म्हणजे ऑरेंजबर्ग गावी वापरलेल्या ३ सेंट कॉइलचा अभ्यास करणार होतो. लिहिता लिहिता वेगळंच सुचलं. साडेआठ छिद्रणाची ३९२ (हीच १ सेंट कॉइल) आधी घ्यावी. त्या छिद्रणात साधं पत्रक नव्हतंच, म्हणून दात कापून ती बनवता येत नाही. बिनछिद्रीला खोटी छिद्रं पाडणारे आहेतच, तेव्हा तीही जोडी प्रमाणपत्रासकट हवी. तिची उंची हाताशी असली, की संशयित ३८७ शेजारी ठेवून थेट ताडता येईल. कोणाकडे जादा ३९२ असेल तर कळवा, बदल्यात निजामी हैदराबादची तिकिटं देईन.